दार उघडताच दिसणारी भिंत निळी की हिरवी? मुंबईतल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी दादरला राहते आणि छोट्या घरांच्या रंगकामाची, आतल्या मांडणीची कामं करते. हॉलच्या रंगावर घरोघरी महिनाभर चर्चा होते, पण दार उघडल्यावर लागणाऱ्या चार फुटांच्या पॅसेजची वेळ आली की "तिथे उरलेला मारून टाका" असं उत्तर मिळतं. मला ते कधीच पटलेलं नाही. लोकलची गर्दी, घाम आणि दिवसभराची धावपळ अंगावर घेऊन माणूस घरात शिरतो, तेव्हा त्याची पहिली भेट याच भिंतीशी होते. या जागेसाठी निळा किंवा हिरवा घ्यायचं मनात असेल तर पुढचे प्रश्न वाचा. हे प्रश्न मला लोकांनी खरोखर विचारलेले आहेत.

आमच्याकडे वेगळा पॅसेज नाही, दार थेट हॉलमध्ये उघडतं. मग प्रवेशाची भिंत कोणती म्हणायची?

उंबरठ्यावर उभे राहा, दार पूर्ण उघडा आणि मान न वळवता समोर बघा. नजर जिथे जाऊन थांबते ती तुमची प्रवेशाची भिंत. काही घरांत ती समोरची असते, काही घरांत दाराशेजारची, जिथे चपला काढून आपण किल्ली ठेवतो ती. चाळीतल्या एका खोलीच्या घरातही अशी तीन-चार फुटांची जागा सापडतेच. फक्त रंग भिंतीच्या मध्येच तोडू नका. कॉलम, कपाटाची कड, खिडकीची चौकट, कोपरा, अशा कुठल्या तरी नैसर्गिक ठिकाणी तो संपू द्या.

निळा घ्यावा की हिरवा?

आधी खाली बघा. उत्तर बरेचदा जमिनीवर असतं.

मुंबईतल्या बऱ्याच फ्लॅटमध्ये बिल्डरने दिलेल्या दोन बाय दोनच्या मलईरंगी व्हिट्रिफाइड टाइल्स असतात. मलई रंगात पिवळा असतो. त्याच्या शेजारी स्वच्छ निळी भिंत आली की निळा आणखी थंड दिसतो आणि टाइल्स आणखी पिवळ्या, जरा मळकट वाटू लागतात. हिरव्यात मुळातच पिवळा मिसळलेला असतो, त्यामुळे मलईरंगी जमिनीशी त्याचं सहज जमतं. अशा घरात मी शेवाळी किंवा राखाडी झाक असलेला फिका हिरवा सुचवते. निळाच हवा असेल तर हिरव्याकडे झुकणारा, मोरपंखी जातीचा घ्या.

जमीन पांढरी किंवा करडी असेल तर निळ्याला मोकळं रान आहे. आकाशीपासून नेव्ही ब्लूपर्यंत काहीही चालतं.

गिरगाव, दादर, माटुंग्याच्या जुन्या इमारतींत मोझॅक किंवा नक्षीच्या सिमेंट लाद्या अजून शाबूत आहेत. त्यांत गेरूसारखा लाल, काळा, बाटलीचा हिरवा, करडा असे रंग असतात. त्या लादीतलाच एक रंग उचलून भिंतीवर घ्या, डोळे झाकून जमेल. या लाद्या बनवणारी भारत टाइल्स ही कंपनी मुंबईत १९२२ साली सुरू झाली आणि अजूनही तसं काम करते. तुमच्या घरात अशी लादी असेल तर ती उखडू नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

दुसरी गोष्ट दार. सागवानी किंवा तपकिरी सनमायकाचं दार असेल तर लक्षात घ्या की तपकिरी म्हणजे एक प्रकारे गडद केलेला नारिंगी, आणि नारिंगीसमोर निळा उठून दिसतो. दार चांगलं असेल, तेच दिसावं असं वाटत असेल, तर निळा. दार पांढरं किंवा साधंच असेल तर हिरवा अधिक आपलासा वाटतो.

दुकानात आवडलेला रंग घरी आल्यावर वेगळाच का दिसतो?

या एका प्रश्नासाठी मी हे सगळं लिहायला बसले असं म्हटलं तरी चालेल.

माझ्या स्वतःच्या घरी मी एकदा राखाडी झाक असलेला निळा घेतला होता. दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबखाली तो पाऊस येण्याआधीच्या आभाळासारखा दिसत होता. घरी दोन हात मारून झाले, संध्याकाळी पॅसेजमधला पिवळा दिवा लावला आणि भिंत सिमेंटसारखी करडी पडली. रंगाऱ्याची चूक नव्हती, डबाही बरोबर होता. पिवळसर दिव्यात निळा प्रकाश मुळातच कमी असतो. भिंत परतवणार ती तिला मिळालेल्या प्रकाशातलंच. जे मिळालंच नाही ते ती कुठून दाखवणार? हिरवा अशा दिव्यात पिवळ्याकडे सरकतो. जो सकाळी पिस्ता असतो तो रात्री मेथीच्या भाजीकडे झुकतो.

मुंबईतल्या पॅसेजला बहुधा खिडकी नसते. शिवाय नोकरी करणारी माणसं ती भिंत बघतात कधी? सकाळी घाईत दोन मिनिटं आणि मग संध्याकाळी सात-आठनंतर. म्हणून रंग संध्याकाळच्या दिव्यात निवडायचा.

त्याची रीत सोपी आहे. दोन फुटी पुठ्ठा किंवा जाड ड्रॉइंग पेपर घ्या. कडेने इंचभर पांढरी पट्टी सोडून आत सॅम्पलच्या डबीतल्या रंगाचे दोन हात मारा. पांढऱ्या पट्टीमुळे जुन्या भिंतीचा रंग नजरेची फसवणूक करत नाही. पूर्ण वाळू द्या, कारण इमल्शन (पाण्यात मिसळणारा भिंतीचा रंग) ओलं असताना फिकं, दुधाळ दिसतं आणि वाळल्यावर गडद होतं. मग तो पुठ्ठा भिंतीला चिकटपट्टीने लावा आणि तीन दिवस तसाच राहू द्या. कामावरून येताना, बाहेरून दार उघडून, पहिल्या क्षणी तो कसा दिसतो ते मनात नोंदवा. पहिली नजर खरी असते, पाच मिनिटांनी डोळा सरावतो.

थेट भिंतीवर चौकोन मारून बघू नका. त्याच्या कडा नंतर गडद रंगाखालूनही उठून दिसतात.

मग दिवा कोणता लावावा?

एलईडीच्या खोक्यावर केल्विनमध्ये आकडा छापलेला असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, ४००० म्हणजे मधला, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. निळ्या भिंतीला मी ४००० लावते. हिरव्याला ३००० ते ४००० मधलं काहीही चालतं. ६५०० चा दिवा निळ्या भिंतीला दवाखान्याची कळा आणतो, तो टाळा. खोक्यावर सीआरआय लिहिलेला असेल तर तो किमान ८० हवा, ९० मिळाला तर उत्तम. हा आकडा जितका मोठा तितके रंग खरे दिसतात.

छताच्या मधोमध एकच दिवा असला की डोक्यावर उजेड आणि भिंतीवर सावल्या पडतात. त्यापेक्षा भिंतीवरून प्रकाश खाली सांडेल असा, साडेपाच-सहा फुटांवरचा छोटा वॉल लाइट लावा. लोहार चाळीतल्या दिव्यांच्या दुकानांत असे दिवे पेटवून दाखवतात. जाताना तुमचा रंगवलेला पुठ्ठा सोबत न्या. दुकानदाराला यात नवल वाटत नाही, तो आनंदाने धरून दाखवतो.

गडद रंगाने लहान पॅसेज कोंदट वाटेल का?

दिवा नसेल तर फिका रंगही कोंदट वाटतो. शेडकार्डच्या मागे किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर बऱ्याच रंगांसमोर एलआरव्ही नावाचा आकडा देतात. ० म्हणजे काळाकुट्ट, १०० म्हणजे शुभ्र. रंग किती उजेड परत फेकतो याचं ते माप. नेव्ही ब्लू दहाच्या आत असतो, अगदी फिका पिस्ता सत्तरच्या आसपास जातो.

माझं मत असं आहे की खिडकी नसलेल्या जागेत एकतर मनापासून गडद जा, नाहीतर मनापासून फिकं. मधला, चाळीसच्या आसपासचा निळा किंवा हिरवा अपुऱ्या उजेडात सर्वांत मरगळलेला दिसतो. गडद घेणार असाल तर दोन अटी पाळा: दिवा चांगला हवा आणि पलीकडचा हॉल उजळ हवा. गडद पॅसेजमधून फिक्या हॉलमध्ये पाऊल टाकलं की हॉल एकदम मोकळा होतो. हे मी साडेतीनशे फुटांच्या घरातही पाहिलं आहे.

भिंतीला ओल आहे. वरून वॉटरप्रूफ रंग मारला तर चालेल?

नाही. हे मी ठामपणे सांगते, कारण यात लोकांचे पैसे दर दोन वर्षांनी पाण्यात जाताना मी बघते.

बऱ्याच फ्लॅटमध्ये पॅसेजच्या भिंतीमागेच बाथरूम असतं. कधी न्हाणीघरातल्या ट्रॅपचा (पाणी जाण्याच्या जाळीखालच्या भांड्याचा) सांधा गळतो, कधी भिंतीत गाडलेला पाइप झिरपतो, कधी वरच्या मजल्यावरून पाणी उतरतं. बाहेरची भिंत असेल तर पावसाचा मारा आहेच. सांताक्रूझच्या वेधशाळेत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदवला जातो. इतकं पाणी भेगेतून आत येणारच.

पाणी भिंतीतून बाहेर पडताना सिमेंट-विटांतले क्षार सोबत आणतं. पाणी उडून जातं, क्षार पांढऱ्या पावडरीसारखे वर राहतात आणि रंगाला ढकलून पोपडे काढतात. पांढऱ्या भिंतीवर हे चटकन दिसत नाही. नेव्ही ब्लू किंवा गर्द हिरव्यावर मात्र खडूने रेघोट्या ओढल्यासारखं दिसतं. परळच्या एका घरात गडद हिरव्या भिंतीवर, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, अशी पांढरी लाट उठली होती. बोट फिरवलं तर बोटाला मिठासारखी पूड आली आणि त्या जागचा रंग कागदासारखा सुटून हातात आला. रंग चांगल्यातला होता, पण पलीकडच्या नळाचा सांधा आधी बघायला हवा होता.

ओल आहे की नाही हे घरीच तपासता येतं. दीड फूट चौरस जाड प्लास्टिक घ्या, चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करून भिंतीवर लावा आणि एक दिवस राहू द्या. काढल्यावर आतल्या बाजूला थेंब असतील किंवा भिंत तिथे काळसर पडली असेल तर ओल भिंतीच्या पोटात आहे. प्लास्टिक आतून कोरडं असेल तर काम सुरू करा.

ओल सापडली तर आधी पाणी बंद करा, मग पोपडे प्लास्टरपर्यंत खरवडा. क्षार कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतलेत तर ते विरघळून परत आत जातात. भिंत काही आठवडे उघडी वाळू द्या, पुन्हा प्लास्टिक लावून तपासा आणि मगच प्रायमर, पुट्टी, रंग. नवीन प्लास्टर केलं असेल तर किमान २८ दिवस थांबा. ताजं सिमेंट अल्कलीधर्मी, म्हणजे चुन्यासारखं दाहक असतं, रंगाला ते सोसत नाही. पूर्वीचा प्रशियन ब्लू तर अशा भिंतीवर उडूनच जायचा. आजच्या निळ्या-हिरव्या रंगांत येणारी थॅलो जातीची रंगद्रव्यं या अल्कलीला दाद देत नाहीत, पण त्यांना धरून ठेवणारा थर मात्र कमजोर होतो.

पावसाळ्यात रंग लावावा का?

शक्यतो नको. हवेत दमटपणा असला की दोन हातांमधली चार तासांची विश्रांती पुरत नाही, पुट्टी आतून ओली राहते. मुंबईत दसरा-दिवाळीच्या सुमारास पाऊस मागे हटतो. तेव्हापासून मेपर्यंतचा काळ बरा. गणपतीआधी हवाच असेल तर जूनची वाट न बघता एप्रिल-मेमध्ये उरका.

शेडची इंग्रजी नावं डोक्यात शिरत नाहीत. रंगाऱ्याला काय सांगायचं?

आपल्या साड्यांच्या दुकानातली भाषा वापरा, ती फार नेमकी आहे. आकाशी, मोरपंखी, रामा, पोपटी, पिस्ता, शेवाळी, बाटली हिरवा म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे तोच रंग उभा राहतो. आईच्या कपाटातली मोरपंखी नारायणपेठ घेऊन एक बाई माझ्याकडे आल्या होत्या, "हाच हवा" म्हणत. आम्ही पदर शेडकार्डवर ठेवून जुळवला. मात्र शेवटी डबा मागवताना शेडचा कोड नंबरच लिहून द्या, बोलण्यावर सोडू नका.

फिनिश कोणतं घ्यावं? मॅट छान दिसतं, पण टिकेल का?

मॅटमध्ये, म्हणजे चमक नसलेल्या फिनिशमध्ये, निळा-हिरवा सर्वांत सुंदर दिसतो आणि भिंतीतला उंचसखलपणाही लपतो. पण पॅसेजमध्ये पिशव्या घासतात, मुलं हात टेकतात, ओला रेनकोट लागतो. गडद मॅटवर नखाचाही पांढरट ओरखडा उमटतो आणि पुसायला गेलं की तेवढाच भाग चमकू लागतो. गडद रंगाला सॅटिन किंवा हलकी चमक असलेलं धुता येण्यासारखं इमल्शन घ्या. गणपती आत घेताना, औक्षण करताना हळद-कुंकवाची बोटं भिंतीला लागतातच. ओल्या फडक्याने लगेच पुसलं तर सॅटिनवरून निघतात.

आणि एक जुनी युक्ती मला मनापासून आवडते. पालिकेच्या शाळा, सरकारी दवाखाने आणि चाळींचे जिने आठवा. खाली छातीच्या उंचीपर्यंत हिरवा किंवा निळा ऑइल पेंट, वर पांढरा, मध्ये बोटभर गडद रेघ. लोकांना वाटतं की ते काटकसरीचं, सरकारी काम. खरं तर त्यामागे मोठा विचार होता: हात, खांदे, सामान जिथवर पोचतं तिथवर धुता येणारा रंग, आणि वर उजेड परत फेकणारा पांढरा. लहान पॅसेजसाठी याहून चांगली कल्पना मी पाहिलेली नाही. खाली गर्द हिरवा किंवा निळा सॅटिन, वर मलईकडे झुकणारा पांढरा, आणि मधली रेघ खालच्याच रंगाच्या आणखी एक पाऊल गडद शेडची.

पट्टा किती उंच घ्यायचा? बरोबर निम्म्यावर घेऊ नका, भिंत दोन तुकड्यांत कापल्यासारखी दिसते. साधारण चार फूट घ्या आणि स्विचबोर्ड पट्ट्याच्या आत येईल असं बघा, कारण सर्वांत जास्त मळते ती जागा तीच. रेघ सरळ येण्यासाठी चांगला रंगारी आजही गेरूत बुडवलेली दोरी वापरतो. एक टोक तुम्ही धरता, दुसरं तो ताणून धरतो, मधोमध चिमटीत उचलून टचकन सोडतो आणि भिंतीवर गेरूची बारीक सरळ रेघ उमटते. मापाचा आधार जमिनीचा घेऊ नका, जुन्या इमारतींच्या जमिनी एका बाजूला उतरत्या असतात. पाणसळ (पातळी तपासायचं साधन) लावून आधी दोन खुणा करून घ्या.

किती रंग लागेल?

सात फूट लांब, चार फूट रुंद, नऊ फूट उंच पॅसेज धरा. दोन लांब भिंती मिळून १२६ चौरस फूट, एक आडवी भिंत ३६, एकूण १६२. दाराचे २१ वजा केले की सुमारे १४० उरतात. चांगलं इमल्शन दोन हातांसाठी लिटरमागे साधारण १०० ते १२० चौरस फूट जातं. म्हणजे एक लिटर अपुरं पडेल. एक-एक लिटरचे दोन डबे एकदमच घ्या आणि दोन्ही एका बादलीत एकत्र करून मग लावा, नाहीतर दोन डब्यांतला बारीकसा फरक कोपऱ्यात दिसतो.

तोरण, पितळी वस्तू या रंगांवर कशा दिसतील?

फार छान, थोडं भान ठेवलं तर. हिरव्या भिंतीवर आंब्याच्या पानांचं तोरण हरवून जातं. तिथे पानं कमी आणि झेंडू जास्त असं गुंफून घ्या. निळ्यावर मात्र दसऱ्याचा केशरी झेंडू पेटल्यासारखा दिसतो. दादरच्या फुलबाजारातून पहाटे आणलेली माळ निळ्या भिंतीसमोर एकदा लावून बघा.

पितळ दोन्ही रंगांचं सोयरं आहे. लामणदिवा, छोटी घंटा, कडी, किल्ल्यांच्या खुंट्या, यांतलं एक-दोनच घ्या. तांबाकाट्याच्या भांडीबाजारात पितळ वजनावर मिळतं. समुद्राच्या हवेत पितळ लवकर काळवंडतं, महिन्यातून एकदा चिंच-मिठाने घासायची तयारी ठेवा. खिळे आणि हुक मात्र स्टेनलेस स्टीलचेच ठोका. लोखंडी खिळ्याचा गंज पावसाळ्यात भिंतीवरून ओघळतो आणि फिक्या निळ्यावरचा तो तांबूस डाग पुसून जात नाही.

हिरवा आणि सोनेरी एकत्र कसे दिसतात हे समजून घ्यायचं असेल तर राणीच्या बागेच्या आवारातल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाची छायाचित्रं बघा. १८७२ साली लोकांसाठी खुलं झालेलं हे संग्रहालय. आतले फिके हिरवे खांब, कठडे आणि त्यांवरचं सोनेरी काम नजरेत भरतं. हिरवा फिका आहे म्हणूनच सोनेरी भडक वाटत नाही.

चपला, छत्र्या, आरसा कुठे ठेवू?

चपलांचं कपाट भिंतीच्याच रंगात रंगवून घ्या. वेगळ्या रंगाचं कपाट जागा अडवल्यासारखं दिसतं, त्याच रंगाचं भिंतीत मिसळून जातं. दारांना जाळी किंवा भोकं हवीत, नाहीतर जुलैमध्ये चामड्याला बुरशी धरते. ओल्या छत्रीखाली स्टीलची परात ठेवा. ठिबकणारं पाणी भिंतीच्या पायथ्याशी मुरलं की ओलीची कहाणी पुन्हा पहिल्यापासून. आरसा उजेडासमोर लावा, दिव्याचा उपयोग दुप्पट होतो.

झाडं ठेवली तर?

हिरव्या भिंतीपुढे झाडाची पानं दिसत नाहीत, कुंडी दिसते. म्हणून कुंडी सुरेख मातीची घ्या. निळ्यापुढे पानंच उठून दिसतात. कमी उजेडात मनीप्लांट, स्नेक प्लांट, झेडझेड तग धरतात, पण आठवड्यातून एक-दोन दिवस त्यांना खिडकीपाशी ठेवा. मनीप्लांट पाण्यात असेल तर दर आठवड्याला पाणी पूर्ण बदला आणि बाटली आतून घासा. डेंग्यू पसरवणारा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.

वास्तूप्रमाणे निळा-हिरवा दारात चालतो का?

जाणकारांची मतं यात एकमेकांशी जुळत नाहीत. मी ठरवते ते उजेड, ओल आणि जमीन बघून. पण घरातल्या आजी-आजोबांच्या मनाला एखादा रंग टोचत असेल तर तो घेऊ नका. रोज ती भिंत त्यांनाही बघायची आहे. निळ्याला हरकत असेल तिथे हिरवा घेऊन सगळे खूश झालेली घरं मी पाहिली आहेत.

दाराबाहेरची भिंत आणि लॉबीही रंगवू शकतो का?

ती जागा सोसायटीची आहे. कमिटीला लेखी विचारा. बाहेर चपलांचं रॅक, मोठ्या कुंड्या, सायकल ठेवणं तर टाळाच. आग लागली तर धुरात माणसं त्याच वाटेने चाचपडत उतरतात. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ लागू आहेच, पण कायद्याआधी शेजाऱ्यांचा विचार करा. स्वतःच्या दाराचा रंग आणि पाटी एवढ्यानेही बाहेरून स्वागत होतं.

घर भाड्याचं आहे, अकरा महिन्यांचा करार. काय करता येईल?

मालकांना विचारून बघा. एक भिंत रंगवायला आणि जाताना पांढरी करून द्यायला बरेच जण तयार होतात. नाही म्हणाले तर तीन बाय चारची प्लायची फळी निळी किंवा हिरवी रंगवा आणि चपलांच्या कपाटावर भिंतीला टेकवून उभी करा. तिच्यावरच खुंट्या आणि आरसा बसवा. खणाचं कापडही सुंदर लागतं. हिरव्या खणाला साधी लाकडी चौकट करून घेतली की छोट्या दारात तेवढंच पुरतं. चिकटणारा वॉलपेपर मी सुचवत नाही, पहिल्या पावसाळ्यात त्याच्या कडा सुटतात.

जुनं दार आणि चौकट खरवडून भिंतीच्याच रंगात करायची आहे. काही काळजी?

हो, आणि घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर जास्तच. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) करणारा नियम २०१६ साली आला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तुमच्या दारावरचे थर त्याआधीचे असतील. कोरडं घासू नका. ओला पॉलिशपेपर वापरा, खाली प्लास्टिक अंथरा, तोंडावर चांगला मास्क बांधा, मुलांना त्या दिवशी मावशीकडे पाठवा. खाली पडलेला चुरा झाडूने न उडवता ओल्या फडक्याने टिपून घ्या.

छत कोणत्या रंगाचं ठेवू?

पांढरं. पॅसेजवर माळा असेल तर माळ्याचा तळ भिंतीच्या रंगात घ्या, तो खाली आल्यासारखा वाटत नाही.

उरलेल्या रंगाचं काय करायचं?

मोठ्या डब्यात तळाशी ठेवलात तर हवा लागून साय धरेल. घट्ट झाकणाच्या छोट्या बरणीत काठोकाठ भरा. बाहेर चिठ्ठी लावून शेडचा कोड, फिनिश आणि तारीख लिहा आणि उन्हापासून दूर ठेवा. वर्षभराने स्विचबोर्डजवळ खरचटलं की ब्रश न वापरता स्पंजच्या तुकड्याने टिपून लावा. ब्रशची रेघ वेगळी दिसते, स्पंजचा ठिपका मिसळून जातो.